नारूचा धडा

रिहे, ता. १२ मार्च १९५९

ती. अक्कास वाल्मीकचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या चकल्या शाळेतच संपल्या, मला एक मिळाली. पण आज दुसरंच लिहायचंय.

गेल्या आठवड्यात वर्गात पोरांना नारूचा रोग शिकवला. पायात नारू असलेला माणूस विहिरीत उतरला की जंताची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी न गाळता प्यालं की वर्षभरानं आपल्या अंगातून हातभर जंत बाहेर येतो. पोरं आपापले पाय चाचपू लागली. मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाजी धनगराच्या सुंदराला विहिरीच्या पायऱ्यांवरून दगड मारून हाकललं. तिच्या घोट्याला नारू आहे. आता तिच्या घरच्या कुणालाच पाणी भरू देत नाहीत. गावातले बडे शेतकरी हैबतराव म्हणाले, पुन्हा दिसली तर तंगडी मोडीन. बाजी डबक्यातलं पाणी नेतोय.

माया आहेच, या भित्र्या भावावर थोडी जास्त असू दे.

तुझा वाल्मीक

घोटावडे, ता. १५ मार्च

चि. वाल्मीकास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हैबतराव लई तापट, त्याच्या वाटंला जाऊ नको, असंच लिवणार हुते. पन त्या पोरीचा पाय डोळ्यापुढं आला. तू पोरांना भ्या दावलंस, पुढचं सांगितलंच न्हाईस. तिनं पान्यात पाय घालू नये, खरं हाय. मग तिला पानी द्यायचं कुनी? बेडकाला भिऊन माझ्या पदरात लपायचास. हितनं पदर पुरायचा न्हाई. घागर घे आन् जा. काय झालं ते कळव, तवर घास उतरायचा न्हाई.

तुझी तुळजाअक्का

रिहे, ता. २१ मार्च

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

गेलो. माणसं वरून बघत होती. कुणी अडवलं नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून बाजीच्या दारात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या दोन मुली कळश्या घेऊन मागं येऊ लागल्या.

काल शाळा सुटल्यावर हैबतराव आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि धोतर वर केलं. नडगीवर फोड, त्यातून पांढरा दोरा डोकावत होता. म्हणाले, गुरुजी, पोरांना कळू देऊ नका, धोंडं मारत्याल. एवढा दांडगा माणूस, पण पुन्हा पुन्हा दाराकडं बघत होता.

मी म्हणालो, सुंदरालाही हीच भीती वाटते. त्यांनी धोतर खाली सोडलं. जाताना विचारलं, तिचं पानी माझ्या गड्यानं भरलं तर चालंल का?

अक्का, मीही वर्षभर त्याच विहिरीचं पाणी न गाळता प्यालोय. आज सकाळी पाय धुताना घोट्याजवळ खाज सुटली. डासच चावला असेल. काळजी करू नकोस, पण पत्र लवकर धाड.

तुझाच,
वाल्मीक