शहादेवची सावली

पुणे, ५ एप्रिल १९८७

ती. आश्रुबादादांस,
धाकट्या सुंदरचा स. जयभीम वि. वि.

आपला भाचा शहादेव इथं रुळला. खानावळवाली आता त्याच्या भाकरी मोजत नाही, टोपलीच पुढं ठेवते. केशरअक्काला सांगा, पोर उपाशी नाही.

आता कामाचं. आमच्या कंपनीच्या बास्केटबॉल संघात पगारी जागा एकच आणि उंच पोरं दोन. मी प्रशिक्षक आणि वर मामा, म्हणून जास्तच कडक नजरेनं बघतो. उंचीला भुलायचं नसतं, दादा. आधी पाय बघायचे, मग हात. शहादेवचे पाय हलके आहेत, पंजात आलेला चेंडू सुटत नाही. साडेसहा फुटी पोराला स्वतःच्या अंगाची ओळख व्हायला वर्षं लागतात, तेवढा मी थांबेन. पण रिंगखाली कुणी खांदा लावला की हा बाजूला होतो, वर त्या धक्का देणाऱ्यालाच म्हणतो, ‘या दादा’. ती जागा धरून ठेवणं हेच उंच खेळाडूचं काम. शिवाय चालतो वाकून. का, ते आपण दोघं जाणतो.

निवड २ मेला आहे. तोवर त्याला थोडे दिवस गावी पाठवतो. तुमच्या भाषणानं सभा उठून उभ्या राहतात. याची मान उठते का, बघा.

रागावलात तरी माया कमी करू नका.
सुंदर

केज, २० एप्रिल १९८७

चि. सुंदर यास स. जयभीम.

पत्र वाचून अंगाचा जाळ झाला, तुझ्यावर नव्हे. केशरनं पोराला वेशीतून वाकून चालायला शिकवलं, ते भित्रेपणानं नाही. लांबून दिसणारं डोकं आधी फुटतं, हे तिनं पाहिलं होतं. छप्पन्न साली आपण देव सोडले, पाठीच्या कण्याला ते कळवायचं राहून गेलं.

मी त्याला फ्रेंच राज्यक्रांतीपासून महाडच्या तळ्यापर्यंत सगळं ऐकवलं. त्यानं मान डोलावली, तीही वाकूनच. केशर म्हणाली, दादा, पोराचे कान किटले, आता त्याला टँकरवर येऊ द्या.

विहिरी आटल्यात. सहकारी सोसायटीचा टँकर येतो, पण आधी सभासदांनी भरायचं असा ठराव आहे. आपल्या वस्तीत सभासद एकही नाही. ज्याची तहान मोठी त्याचा नंबर शेवटी, याला हे सहकार म्हणतात! जिल्ह्याच्या सभेत मी हे बोलणारच. तोवर आपल्या बाया उन्हात. चाऱ्यापायी झाडांच्या फांद्यासुद्धा उरल्या नाहीत.

परवा ओळीत केशरला भोवळ आली. ती शहादेवच्या पायाशी बसली आणि म्हणाली, सरळ हो की रं जरा, ऊन लागतंय. तो सरळ झाला. सुंदर, मी त्याला पुरा उभा असा पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या सावलीत साखराबाई सरकली, मग तान्हं घेऊन मनकर्णा. साखराबाई म्हणाली, केशरे, झाड बरं लावलंस बाई, नुसतं पाणी लई पितंय.

तेवढ्यात एका सभासदाचा गडी घागरी घेऊन घुसला. हो बे बाजूला, म्हणत त्यानं खांदा मारला, पुन्हा मारला. शहादेवनं हात उचलला नाही. गुडघे किंचित वाकवून पाय रोवून राहिला. गडीच वळसा घालून गेला. नंतर मी विचारलं, कावून हलला न्हाईस? म्हणाला, मामा, हललो असतो तर आईवर ऊन आलं असतं.

त्याला परत पाठवतो आहे. भाचा म्हणून मार्क देऊ नकोस.

तुझा,
दादा

पुणे, ३ मे १९८७

ती. दादांस स. जयभीम वि. वि.

काल निवड झाली. दुसऱ्या पोरानं चेंडू जास्त टाकले. साहेबांनी विचारलं, तुमच्या भाच्याचं काय? मी म्हटलं, फळ्यावरचे आकडे सोडा, रिंगखाली बघा. दुसरा पोरगा शहादेववर येऊन आदळायचा आणि दरवेळी बाहेरून फिरून जायचा. साहेबांनाही ते दिसलं. जागा शहादेवला मिळाली.

मी पेढे आणले, पण त्यानं पुडा सोडलाच नाही. मग म्हणाला, मामा, आज टँकरचा दिवस हाय. आता आई कुणाच्या सावलीत बसली असंल?

तुमची उंची जेमतेम आहे, दादा, तरी टँकर आला की अक्काच्या पुढं तुम्ही उभे राहा. भाषण नंतर करा.

धाकट्याचं बोलणं पोटात घाला.
सुंदर