नातीला एकच थेंब

१० ऑक्टोबर १९९९
लिहायला फार उशीर झाला, क्षमा असावी. गणपतीनंतर आज डायरी उघडतोय. कामात होतो. मंडईमागून भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल आणलं. समभाग बाटलीत घातलं, हलवलं. तिन्ही कोरडी, पण एकत्र आली की आपोआप पाणी होतं. अमृतधारा. आमच्या मुलाच्या, आमोदच्या कॉम्प्युटरला जमेल का हे? डोकेदुखी, सर्दी, गॅस, दाढ, सगळ्यावर चालते. मी सातवी शिकलेला, पण शरीर मला कळतं.
संकल्प: घरात डॉक्टरचा पाय नको.

१७ ऑक्टोबर
आमोद कोथरूडहून आला. कंपनी त्याला जानेवारीत अमेरिकेला पाठवते आहे. सूनबाई अस्मिता आणि नात राजनंदिनीही जाणार. म्हटलं, साडेआठ महिन्यांची पोर, तिथली थंडी? म्हणाला, बाबा, तिथे घरात हीटर असतो. हीटर कफ काढतो का?
छातीत धडधड. बत्ताशावर चार थेंब घेतले. बरं वाटलं. थोडं.

२ नोव्हेंबर
आमोद-अस्मिता व्हिसासाठी मुंबईला. नात आमच्याकडे. नाक चोंदलेलं. बायको, सुशीला, भाजी आणायला गेली तेव्हा पोरीच्या छातीला अमृतधारा चोळली, मधातून एक थेंब चाटवला. मोठ्याला चार, तर लहानाला एक. हिशेब चोख.
संध्याकाळ. पोरीचे डोळे फिरले. हातपाय ताठ. सुशीलाने मला ढकललं आणि पोरीला घेऊन रिक्षात बसली. मी मागून दुसऱ्या रिक्षाने.
दात येताना होतं असं.

३ नोव्हेंबर
दवाखान्यात पोर हसली. देवाची कृपा. आमोद-अस्मिता रात्रीच मुंबईहून आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, काय दिलं होतं? बाटली दाखवली. म्हणाल्या, कापूर लहान मुलांना विषासारखा. थोडा जरी पोटात गेला तरी झटके येतात, जीवही जातो. मोठ्यांनीही पिऊ नये. म्हटलं, देवापुढचा कापूर विष कसा? म्हणाल्या, देवापुढे जाळता, देवाला पाजत नाही ना?
नर्स हसली. आमोद हसला नाही.

११ नोव्हेंबर
दिवाळीला कोणी आलं नाही. सुशीला नातीसाठी कोथरूडला राहायला गेली. जाताना म्हणाली, अहो, आमटी करून ठेवली आहे, तिच्यात तुमचं औषध घालू नका.
सिद्धच करतो. चमचाभर प्यायलो. विष असेल तर मरेन.

१२ नोव्हेंबर
उलट्या, चक्कर. शेजारच्या बद्रीनाथांनी दवाखान्यात नेलं. औषध विष नाही हे सिद्ध करतो, असं काल त्यांना म्हटलं होतं. विचारत होते, काय माधवराव, झालं का सिद्ध? सांगितलं, मिसळ बाधली.

६ डिसेंबर
कोथरूडला जाऊन माफी मागायचं ठरवलं. माफी म्हणजे, नीट समजावून सांगायचं. बसला फार गर्दी होती. परत आलो.
फोन केला. अस्मिता म्हणाली, बाळ झोपलंय. मागून बाळाचं खिदळणं ऐकू येत होतं. झोपेत हसतात मुलं.

१ जानेवारी २०००
आज सगळे कॉम्प्युटर बंद पडणार असं पेपरात होतं. म्हणजे विमानंही. सकाळपासून वाट पाहतोय.
काही बंद पडलं नाही.

९ जानेवारी
सुशीला परत आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, गेले. काल, मुंबईहून. मी विमानतळावर सोडून आले.
म्हटलं, मला सांगितलं नाहीस? तिने चहा टाकला. मग म्हणाली, अस्मिता घाबरत होती. म्हणाली, बाबा पोरीची पापी घ्यायला वाकतील, मला त्यांचे हात पाहत बसावं लागेल.
चहा गार झाला.
नंबर सुशीलाकडे आहे. देत नाही.

२ फेब्रुवारी
आमोद, पोर आज एक वर्षाची झाली. पाऊल टाकते का? तिकडे बर्फ पडतो म्हणे. तिला सर्दी झाली तर मला कळव. मी काही सुचवणार नाही. नुसतं कळव. लवकर.