फळ्यावरचे तीन प्रश्न

सोमवार, ३ जुलै
अर्थसाक्षरतेचा तास शेवटी माझ्याच गळ्यात पडला! वीस वर्षं चित्रकला शिकवतेय मी. मुख्याध्यापक म्हणे, तुमचे यजमान गुंतवणुकीचंच बघतात ना, त्यांना विचारा. ह्यांना विचारलं तर हसले — पोरांना काय कळतंय त्यातलं.

गुरुवार, ६ जुलै
तास मात्र रंगला. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले — परवाना आहे का? पैसे कोणाच्या ताब्यात राहणार? मध्येच मागितले तर परत मिळतील? म्हटलं, अगदी सख्खा मामा पैसे मागायला आला तरी आधी हे विचारायचं. पोरं खूश, मीही.

मंगळवार, ११ जुलै
चित्रकलेच्या तासानंतर नववीतली चष्मिष मागे थांबली. आई तिची शिवणकाम करते. कुणीतरी वर्षात दुप्पट करून देतो म्हणतंय, पैसे भरू का, असं आई विचारतेय. हातात पत्रक — ह्यांच्याच योजनेचं! "बाई, ह्यात परवाना कुठे लिहिलाय?" मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, बघून सांगते.

घरी ह्यांना विचारलं. अर्ज केलाय, येईल गं, म्हणाले आणि बातम्या लावल्या. मी भाजी निवडत बसले. लाज वाटतेय मला माझी.

शुक्रवार, १४ जुलै
चष्मिष समोर येऊ नये म्हणून मागच्या जिन्याने जाते. पन्नाशीला आलेली बाई मी!

सोमवार, १७ जुलै
तिची आई शाळेत आली. ह्यांच्या हातात पैसे भरलेसुद्धा — पोरीच्या कॉलेजसाठी मशीनवर बसून साठवलेले, सगळेच्या सगळे. पोरगी ते तीन प्रश्न विचार म्हणून मागे लागली होती, तर आई तिलाच रागावली. "बाईंच्या घरचं माणूस. त्यांना काय विचारायचं?" वर माझे आभार मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तेवढा मागवला.

मंगळवार, १८ जुलै
ह्यांच्याशी कडाडून भांडले. तिचे पैसे परत द्या म्हटलं. पुढच्यांनी भरले की देऊ, म्हणाले. म्हणजे तिचे गेलेच!

गुरुवार, २० जुलै
वर्गात तेच पत्रक वाटलं. कुणाचं आहे ते सांगितलं. म्हटलं, भीड ठेवू नका, विचारा प्रश्न. चष्मिष उभी राहून वाचत गेली, पार तळाच्या बारीक ओळीपर्यंत — आणि तिथेच थांबली. मी वाकून बघितलं. संचालक म्हणून माझं नाव. ह्यांनी पुढे केलेल्या कुठल्या कागदावर सही केली होती, आठवेना.

"वाच," म्हटलं. "मोठ्याने."