मागच्या तारेवरचे कागद

१२ जानेवारी २०२६, सोमवार

पाचवी चूक सापडली! पुस्तिकेत, 'उलट'च्या पानावर. माझ्या आधी ज्यांनी ही पानं लिहिली त्यांना एक खोड होती – वरची ओळ खाली चिकटवायची आणि बदलायला विसरायचं. 'गाळ'मध्ये तेच, 'जोड'मध्ये तेच, 'मोज'मध्ये दोनदा. इथे फळांची यादी आहे: आंबा, पेरू, बोर. ती उलटी केली, बोर, पेरू, आंबा झाली. बरोबर. मग शेवटच्या ओळीत तीच यादी परत छापली तर पुन्हा आंबा, पेरू, बोर! चिकटवाचिकटवी. दुरुस्त केलं.

लाईट नव्हती, बॅटरी नऊ टक्के. उदाहरण चालवून न बघताच पाठवलं. एवढं उघड होतं.

एकशे बारांपैकी एक्केचाळीस फलनं झाली.

१३ जानेवारी

अनुसयाबाई ब्लाउज टाकायला आल्या. समोरच्याच गल्लीतल्या, पिपरी मेघेतल्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडून निघतात. मी खुर्चीत, आई मशीनवर, मध्ये पडदा. तरी सगळं ऐकू येतं.

"सीताबाई, पोरगा दिवसभर घरीच दिसते तुमचा. काय करून राह्यला?"

"कंप्युटरचं काम करते."

"इंजिनेर झाला नं तो?"

"हात वर करा जरा. हां. श्वास सोडा."

आईच्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून ती गिऱ्हाइकांशी कमी बोलते.

मी पडद्याआडून सांगितलं की ओंजळ नावाची एक भाषा आहे, संगणकाला काम सांगायची, मराठीत शिकणाऱ्यांसाठी सहा-सात जणांनी मिळून बनवली. फुकट आहे. तिची संदर्भ पुस्तिका मी सुधारतो. प्रत्येक फलनात काय घालायचं, त्यातून काय निघतं, आणि एक चालणारं उदाहरण.

अनुसयाबाई: "म्हणजे चुका काढते. सोपं आहे मंग. आमचे हे घरी फुकटात तेच करतात."

आई हसली. टाचणी पडली.

१६ जानेवारी

मयुरीताईंचं पत्र. पुस्तिकेवर काम करणाऱ्यांची नावं मागच्या पानावर जाणार आहेत. माझं असं लिहिलंय: अश्वजित थूल, अभियंता, वर्धा.

ताई या कामाच्या प्रमुख. मूळच्या केळझरच्या, आता पुण्यात. भेट कधी झालेली नाही. पहिल्याच पत्रात त्यांनी विचारलं होतं, 'तुम्ही अभियंता ना?' मी हो लिहिलं नाही. नाहीही लिहिलं नाही. थेट पहिल्या पानाच्या दुरुस्त्या पाठवल्या.

इथे तरी नीट लिहितो. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, ९ मार्च २०२३, तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं! तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ते म्हणाले, "नाव तरी सांग." तेही आलं नाही. मागची पोरं हसली. मी उठून बाहेर आलो ते परत गेलोच नाही.

आईला सांगितलं नाही. जूनपर्यंत रोज सकाळी शर्ट घालून, डबा घेऊन निघायचो आणि हनुमान टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली बसायचो. ऊन कडक. नशीब आई उन्हाळ्याची म्हणून पाण्याची दुसरी बाटली द्यायला लागली होती. जूनमध्ये सांगितलं – पास झालो. पुढच्या वर्षी – शेवटचं वर्ष आता घरूनच करता येतं. मग – झालं. तिने पेढे आणले नाहीत. तेव्हा बरं वाटलं होतं.

चौथी शिकलेल्या बाईला फसवणं सोपं असतं. हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दे.

१९ जानेवारी

सत्तावन्न झाली. 'घडी' हे फलन आईला वाचून दाखवलं. तिला कळलं तर ठेवायचं, असा माझा नियम आहे.

"मले पह्यले हे सांग, फलन म्हणजे काय बावा?"

म्हटलं, एक यंत्र समज. एका बाजूने वस्तू घातली की दुसऱ्या बाजूने नवीन वस्तू निघते.

"आणि घातलेली?"

"ती तशीच राहते."

"मंग बरं यंत्र आहे. गिरणीवाल्याले सांग."

ठेवलं.

२३ जानेवारी

वाचकाचं टिपण आलं. जंगू मडावी, आश्रमशाळेत शिक्षक, कारंजा तालुका. उतरवून ठेवतो –

'उलट या फलनाचं उदाहरण आमच्या वर्गाने केलं. पुस्तिकेत शेवटी बोर, पेरू, आंबा येतं. आमच्याकडे आंबा, पेरू, बोर येतं. स्वतःचीच चूक समजून मुलांनी तीन-तीनदा टाईप केलं. दोघींनी पुस्तिकेसारखं यावं म्हणून उत्तर हातानेच लिहून टाकलं. पुस्तिका खरी की मशीन, कृपया कळवावे.'



चालवून पाहिलं. आंबा, पेरू, बोर. पुन्हा चालवलं. आंबा, पेरू, बोर.

मीच! ती चूक नव्हतीच. ओंजळमध्ये केलेली यादी कधी बदलत नाही – यादी उलटी केली की नवी यादी मिळते, जुनी जशीच्या तशी राहते. पहिल्या पानावरचा पहिला नियम, ज्यातले स्वल्पविराम मी स्वतः नीट केलेत. शेवटची ओळ मुद्दाम होती, तोच नियम दाखवायला. आणि परवा आईला मीच सांगितलं, ती तशीच राहते! चार चुका खऱ्या निघाल्या म्हणून पाचवी न तपासता धरली. आतापर्यंत केलेल्यांत न चालवलेलं एकच उदाहरण, आणि नेमकं तेच.

दोघींनी हाताने लिहून टाकलं. डोळ्यांसमोर खरं उत्तर असून.

२४ जानेवारी

गुपचूप ओळ पूर्ववत केली. दुरुस्त्यांच्या यादीत लिहिलं – 'किरकोळ बदल'.

तासाभरात ताईंचा फोन.

"किरकोळ म्हणजे काय, अश्वजित?"

पुन्हा तोंडी परीक्षेसारखंच.

"हे बघा, चुका सगळ्यांच्या होतात. पण काय चुकलं होतं ते लिहा. नाहीतर त्या मुलांना कधीच कळणार नाही की त्यांचं बरोबर होतं."

मग एकदम वेगळ्याच आवाजात, केळझरच्या – "आणि घाबरू नका बावा. जेवून घेजा आधी."

२५ जानेवारी

जंगू सरांना लिहिलं. 'मशीन खरी. मुलं खरी. पुस्तिका माझ्यामुळे चुकली.' तीन वाक्यांना दोन तास लागले.

दुपारी अनुसयाबाई ब्लाउज घेऊन परत. दंडात घट्ट होतो.

"त्याच कागदाले इकडून पट्टी लावून दे नं, सीताबाई. नवीन कागद कायले वाया घालवते?"

"जुन्या कागदाले हात नाई लावत मी. उद्या तुम्ही बारीक झाल्या त?"

"मी? आता?"

"नाई त तुमची पोरगी रोशनी येईन त्या मापात. जुना वर ठेवाचा, त्याच्यावरून नवीन कापाचा. दोनी ठेवाचे."

आईचे मापाचे खाकी कागद मी लहानपणापासून बघतोय. प्रत्येकावर नाव, तारीख. पुढच्या तारेवर चालू गिऱ्हाइकं. कोणी गाव बदललं, वारलं, यायचं थांबलं, की त्याच्या कागदावर निळ्या पेन्सिलीने 'बंद' लिहून तारीख टाकते आणि मागच्या तारेवर लावते. आजवर एक कागद फाडला नाही. मला ती तिची कंजुषी वाटायची.

'उलट'चं पान नव्याने लिहिलं. फळं काढली, आईचा कागद घातला. खाली दुरुस्तीही लिहिली, नावासकट. आईला वाचून दाखवलं.

"माह्यं काम लिहिलं का तू?"

"हो."

"बरोबर लिहिलं." आणि मशीन सुरू केलं. दिवसभर गुणगुणत होती.

२९ जानेवारी

ताईंना पान फार आवडलं. म्हणतात, हेच प्रस्तावनेत घेऊ. आठ फेब्रुवारीला, रविवारी, त्या केळझरला घरी येणार आहेत, तिथून आमच्याकडे येतील. आईला भेटायचंय, कागदांचा फोटो काढायचाय, प्रस्तावना आईला स्वतः वाचून दाखवायचीय. मसुदा पाठवला. पहिलं वाक्य: 'आमचे सहकारी, अभियंता अश्वजित थूल यांच्या आई सीताबाई...'

माझं खोटं माझ्या आईला, माझ्या घरात, दुसऱ्याच्या तोंडून.

३० जानेवारी

जेवण गेलं नाही. आईने का म्हणून विचारलं नाही. ताट झाकून ठेवलं.

१ फेब्रुवारी

ताईंना लिहून टाकलं. सगळं. तोंडी परीक्षा, झाड, पास झालो ते खोटं. 'अभियंता काढावे. काम काढून घेतलं तरी समजेन.' शुद्धलेखन चारदा तपासलं. मग पाठवलं.

२ फेब्रुवारी

ताईंचं उत्तर, जसंच्या तसं: 'अभियंता काढला. उरलेली फलनं पंधरा तारखेपर्यंत हवीत, सगळी चालवून बघितलेली. आईंना माहीत आहे का? नसेल तर मी यायच्या आत तुम्ही सांगा, माझ्यासमोर नको. आणि आईंना गोडात काय आवडतं?'

तीनदा वाचलं. काम आहे! माझंच आहे!

आता फक्त आई.

४ फेब्रुवारी

आई काजं करत होती. जाऊन शेजारी बसलो.

"आई, ऐक ना."

"बोल."

"...दोरा संपत आला ना? आणू का?"

तिने माझ्याकडे बघितलं. रीळ भरलेलं होतं. "आण," म्हणाली.

नवं रीळ आणलं. पांढरं.

६ फेब्रुवारी

जंगू सरांचं पत्र. पान वर्गात वाचलं. ज्या दोघींनी उत्तर हाताने लिहिलं होतं, त्यांतल्या गुंजनने विचारलं, 'चूक केली असं त्यांनी स्वतःच लिहिलं का, कोणी लिहायला लावलं?' सर विचारतात, काय सांगू?

'लावलं,' असं कळवलं. खरं तेच आहे.

परवा रविवार. उद्या सकाळी सांगतो. चहाच्या वेळी. वाक्य तयार केलंय – 'आई, माझं कॉलेज पूर्ण झालेलं नाही.' एवढंच. पुढचं सुचेल तसं.

७ फेब्रुवारी, शनिवार

चहा झाला. वाक्य तोंडाशी आलं, तेवढ्यात आई म्हणाली, "अशू, मागच्या तारेवरून रोशनीचा कागद काढून दे बरं. माह्ये हात गुंतले."

हात गुंतलेले नव्हते.

रोशनीचा कागद मागच्या तारेवर नव्हताच, तो पुढच्या तारेवर समोरच होता. मागे, सगळ्यांत वर, माझा होता. 'अशू. कालेजचा शर्ट.' खाली निळ्या पेन्सिलीने – बंद, ११ मार्च २०२३.

अकरा मार्च शनिवार होता, तोंडी परीक्षेनंतर दोनच दिवसांनी. पाण्याची दुसरी बाटली सोमवारी सुरू झाली.