कमळाकरशेठना गाठायची वेळ

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.१०
नोकरी सोडून चार महिने झाले. माझी पेस्ट कंट्रोल कंपनी उत्तम चालू आहे, फक्त गिऱ्हाईक नाही. कारण काल एका व्हिडिओत सापडलं. टायमिंग! कोन गावच्या कमळाकरशेठच्या सात बिल्डिंगा उभ्या राहताहेत. सातही जोत्यांत वाळवीचं औषध लागणार. शेठ पहाटे वडाळे तलावावर चालायला येतात. म्हणजे नेटवर्किंगची खरी वेळ पहाट. चारुताला सांगितलं. ती झोपेतच म्हणाली, दिवा बंद कर.

सकाळी ८
शेठ भेटले. वेग भयंकर आहे. दोन फेऱ्या मागे पळालो. "शेठ, वाळवी..." एवढंच बोलता आलं. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि निघून गेले. माणूस चांगला आहे.

५ नोव्हेंबर
पोटऱ्या धरल्यात. पहाट बाद. पहाटे माणूस तब्येतीचा विचार करतो, धंद्याचा नाही. मोठे निर्णय जेवल्यावरच होतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
दीड ते साडेचार शेठच्या ऑफिसात. शेठ जेवून आत झोपलेले. बाहेर त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाई फोन घेत होत्या. "काय काम हाय?" म्हणाल्या. शेठशीच बोलेन म्हटलं. माझ्या शर्टावरचं 'पेस्ट कंट्रोल' वाचून त्या म्हणाल्या, "औषधवाले मीच ठरवते, मला सांगा." मी नुसता हसलो. डिसिजन-मेकर सोडून दुसऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम.
दुपार बाद.

१४ नोव्हेंबर
चारुताने मुदत दिली. ३० तारखेपर्यंत काम आण, नाहीतर शैलेशकडे लाग. शैलेश, माझा जुना कलीग, हाही याच धंद्यात आहे. त्याला टायमिंगचं काडीचं कळत नाही. मनात येईल तेव्हा कोणालाही फोन लावतो. त्याच्या हाताखाली मी? शक्यच नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याकाळ! आधीच कसं सुचलं नाही? शिरढोणला रिसेप्शन होतं, शेठ येणार होते. मला आमंत्रण नव्हतं, हे खरं. पण नवरा-नवरीसोबतच्या फोटोत शेठच्या शेजारी मीच आहे. शेठनी ओळखलंसुद्धा! "तलावावरचे तुमीच ना? आता बरं हाय का?" मी बोलायला लागलो तेवढ्यात बँड सुरू झाला. काम नव्वद टक्के झालंय.

२९ नोव्हेंबर
शेठचं काम शैलेशला मिळालं. चंद्रावतीबाईंना फोन केला, म्हणे. कधी, विचारलं. त्याला आठवत नाही. सकाळी असेल नाहीतर दुपारी. असल्या बेशिस्तीने धंदा टिकत नाही, असं मी चारुताला ठणकावून सांगितलं. तिने कॅलेंडरवरच्या ३० तारखेवर बोट ठेवलं. मग मीच शैलेशला फोन लावला.

२ डिसेंबर, मंगळवार
कोनची साइट. पाठीवर शैलेशचा पंप, तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. अडीचला शेठ साइटवर आले आणि माझ्याचजवळ थांबले. हे औषध कसं चालतं, विचारलं. सगळं सांगितलं. जोतं, भोकांचं अंतर, वाळवीचा मार्ग. शेठ वीस मिनिटं हलले नाहीत. एकही फोन घेतला नाही.
जाताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "एवढं चांगलं समजावता, सोताची कंपनी का नाय काढत?"
बघू, म्हटलं.