पार वेणू झाली

नारायण पेठ, पुणे
मंगळवार

प्रिय वेणू,

मी खुशाल आहे. डबा बरा मिळतो, फक्त वरणात गूळ घालतात. मालिकेत हवालदाराचं काम पक्कं झालं. कुणाकडे न शिकता इथवर आलो, हे आईला वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत?

फोनवर सांगता येईना म्हणून लिहितोय. काल चहाच्या टपरीवर कॉलेजची दोन मुलं शेजारी उभी होती. एकाने विचारलं, "तोंडी परीक्षा कशी झाली?" दुसरा म्हणाला, "पार वेणू झाली रे. एक शब्द फुटला नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. विचारलं, तर त्याने मला ओळखलं. "सर, तुमचाच शब्द. हॉस्टेलवर सगळेच म्हणतात."

चहाचे पैसे देऊन मी तिथून निघालो.

आपल्या लग्नात उखाणा घेताना तू भर मांडवात गप्प झालीस, हा किस्सा मी सहा वर्षं स्टेजवर सांगतोय. त्याच्या व्हिडिओवरच ही मालिका मिळाली. तपशिलात मी चुकत नाही, तुझ्या शालूचा डाळिंबी रंगसुद्धा सांगतो. पण उखाणा तू एका दमात घेतला होतास. माझी पाळी आली तेव्हा गप्प मी झालो होतो.

शनिवारच्या प्रयोगापासून स्टेजवर खरं तेच सांगणार. पसरलेला व्हिडिओ परत घेणं मात्र आता कुणाच्याच हातात नाही.

अंबाजोगाईत तुला कोणी असं म्हणालं का? हल्ली फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस, ते यामुळेच का? खरं काय ते लिही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
उत्तरेश्वर