पेरिलाच्या लोणच्यातला हिंग

प्रिय सुधीर,

काल, रविवारी, दुपारी बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी तुझी वीस वर्षांची लबाडी उघडकीला आली. भांडायला तू समोर नाहीस, म्हणून हे पत्र. तक्रार लेखी आणि मुद्देसूद करावी, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला पट्टी मारून शिकवलंय.

तू गेलास तेव्हा फ्रीजमध्ये तुझ्या पेरिलाच्या लोणच्याचा एकच डबा उरला होता. तुझी लाडकी नात इरा रोज भाताबरोबर एक पान खायची. डबा संपला आणि तिने भातच सोडला. "आजोबांचं नाही, तर नको." आठ वर्षांच्या पोरीला काय समजावणार? मला तरी घास कुठे गोड लागत होता!

मग कंबर कसली. कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत तुझी पेरिलाची झाडं माजलेलीच होती. तुळशीची ही कोरियन चुलतबहीण, पण पान केवढं, तळहाताएवढं! पानं धुतली, एकेक पुसली. सोया सॉस, जाडसर तिखट, लसूण, कांद्याची पात, तीळ. दोन पानं, वर मसाला, पुन्हा दोन पानं. तू कोरियात, बुसानच्या गोदीत जहाजाच्या दुरुस्तीवर असताना शिकलास, अगदी तस्सं. दोनदा केलं. दोन्ही वेळा इराने चाखून मान हलवली. "नॉट सेम, आजी."

तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. तिळाचं तेल तापवलं, चिमूटभर हिंग टाकला आणि ओतलं पानांवर!

आठवतं ना, पूर्वी मी हिंगाची डबी पुढे केली तेव्हा काय म्हणाला होतास? "रेखा, हे कोरियन लोणचं आहे, आमटी नव्हे!" तेही पाहुण्यांसमोर! तेव्हापासून तुझं लोणचं सुरू झालं की स्वयंपाकघराचं दार बंद. आणि मी बावळट, बाहेर बसून सगळ्यांना सांगायची, "इंजिनिअरसाहेबांचं काम चाललंय."

तर काल इराने पानात भात गुंडाळला, तोंडात घातला आणि चावायचीच थांबली. म्हटलं, झालं, आता थुंकते! "आजी, आजोबांचंच आहे, लाह!" इथल्या पोरांचं ते 'लाह'चं शेपूट लावून ओरडली. ताट स्वच्छ केलं आणि पुन्हा भात मागितला.

मी वाटी घेऊन तडक शेजारच्या किमबाईंच्या दारात. कोरियन लोणचं त्यांना नाही कळणार तर कोणाला? त्यांनी चाखलं आणि खो खो हसत सुटल्या. "तुमचे मिस्टर नेहमी हेच घालायचे. मी म्हणायचे, कोरियात असं नसतं. तर म्हणायचे, बायकोची युक्ती आहे, पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल!"

बसेल? सुधीर, मी लग्नापासून तिथेच बसले होते!

आणि माझा हिंग भराभर संपायचा, तेव्हा "इथल्या दमट हवेने उडत असेल" हे कोण म्हणायचं?

किमबाईंच्या दारात हसता हसता मला रडू फुटलं. एवढी शोभा झाली, त्यालाही तूच जबाबदार.

आता माझा शब्द ऐक. यापुढे लोणचं मी करीन, दार सताड उघडं ठेवून, इराला शेजारी उभी करून. विचारेल त्याला सांगेन, कृती सुधीरची, हिंग माझा.

तुझा खुलासा मात्र येत्या रविवारी जेवायची पानं वाढायच्या आत मिळाला पाहिजे. स्वप्नात येऊन गोड गोड बोललेलं चालणार नाही. लेखी हवा, सहीसकट.

तुझीच,
रेखा